कै., स्व., दिवंगत की मयत?

संस्थेच्या स्मरणिकेत निधन झालेल्या सभासदांची यादी छापायची आहे. सगळ्यांच्या नावाआधी सरसकट 'कै.' चालेल का?

— नाही. 'कै.' म्हणजे कैलासवासी. मराठेशाहीच्या कागदांत 'थोरले कैलासवासी स्वामी' म्हणजे शिवाजी महाराज, इतका हा शब्द आपल्यात मुरलेला आहे. पण कैलास शंकराचा. वारकरी कीर्तनकारांना 'वै. ह.भ.प.' म्हणजे वैकुंठवासी हरिभक्तपरायण लिहितात, लिंगायतांत 'लिंगैक्य', मुसलमानांसाठी 'पैगंबरवासी', ख्रिश्चनांसाठी 'ख्रिस्तवासी'. बौद्ध घरांत 'कालकथित' म्हणतात. 'महापरिनिर्वाण' मात्र बुद्ध आणि बाबासाहेब (6 डिसेंबर 1956) यांच्यासाठीच. बौद्ध सभासदाला 'कै.' लावले की घरच्यांना खुपते आणि ते रास्तच आहे: जो धर्म त्याने विचारपूर्वक सोडला, त्यातला स्वर्ग मेल्यावर त्याच्या माथी कशाला? मिश्र यादीत सर्वांना 'दिवंगत' लावा.

— 'दिवंगत'चा मूळ अर्थही स्वर्गाला गेलेला असाच, पण वापराने तो आता कुणा एका धर्माचा उरलेला नाही. मुद्रित तपासताना अनुस्वार 'व'वरच आहे ना ते पाहा. 'दिवगंत' हमखास छापून येते.

— 'स्व.' नकोच. 'स्वर्गीय' या अर्थी हिंदीतून आले. मराठीत स्वर्गीय म्हणजे सूर, सौंदर्य. लिहायचेच तर 'स्वर्गवासी'.

— बायकांच्या नावात जास्त घोळ होतो. नवऱ्याआधी गेलेल्या बाईला 'कै. सौ.' लिहितात, नंतर गेलेल्या बाईला पूर्वी 'कै. गं. भा.' (गंगाभागीरथी, म्हणजे विधवा) लिहीत. आज दोघींनाही नुसते 'दिवंगत' आणि पूर्ण नाव पुरते. मेल्यावरही बाईची ओळख कुंकवावरून कशाला द्यायची?

— सरकारी कागदावर यातले काहीच नको. तिथे रूढ शब्द 'मयत'. वारस नोंदीचा अर्ज मृत्यूनंतर तीन महिन्यांत तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) द्यायचा, त्यात 'मयत खातेदार' असे लिहून पुढे सातबाऱ्यावर आहे तसेच नाव. नावाच्या रकान्यात 'कै.' घुसडले की सातबारा आणि मृत्यू दाखल्यातले नाव जुळत नाही आणि काम अडते. उलट, श्रद्धांजलीच्या फलकावर 'मयत' लिहू नये. तो पंचनाम्याचा शब्द आहे.

— आणखी एक: 'जयंती' फक्त दिवंगतांची. हयात माणसाचा वाढदिवस किंवा जन्मदिन. नेत्यांच्या फलकांवर ही चूक सर्रास दिसते.