भातात जीवनसत्त्व ‘अ’: जनुक संपादनाने जमेल का?

साळीचा_कोंब

मे २०२५ मध्ये ‘डीआरआर धान १००’ म्हणजे कमला आणि ‘पुसा डीएसटी राइस १’ हे दोन जनुक-संपादित वाण जाहीर झाले. तेव्हापासून ‘आता जीवनसत्त्व अ चा तांदूळही असाच येईल’ असं सर्रास लिहिलं जातंय. तो असा येणार नाही, हे माझं ठाम मत आहे.

या दोन्ही वाणांत एकेक जनुक निकामी केलंय. कमलामध्ये सांबा मसुरीचं सीकेएक्स२ बंद केलं, त्याने लोंबीत दाणे वाढले. दुसऱ्यात एमटीयू १०१० चं डीएसटी बंद केलं, त्याने पीक ताण आणि क्षार जास्त सोसतं. पद्धत अशी: २० अक्षरांचा मार्गदर्शक आरएनए क्रिस्परला, म्हणजे डीएनए कापणाऱ्या साधनाला, नेमकी जागा दाखवतो, तिथे डीएनए कापला जातो, आणि पेशी तो जोडताना एखाद-दुसरं अक्षर चुकते. तेवढ्याने जनुक बिघडतं.

जीवनसत्त्व ‘अ’ ज्यापासून बनतं ते बीटा-कॅरोटीन भाताच्या पानात भरपूर असतं. आपण खातो तो पांढरा भ्रूणपोष मात्र ते बनवणाऱ्या रासायनिक साखळीची पहिली पायरीच, म्हणजे फायटोइन सिंथेज हे विकर, चालवत नाही. जे चालूच नाही ते काहीतरी बिघडवून चालू कसं होणार? फुलकोबीच्या ‘ऑरेंज’ जनुकातल्या बदलाची नक्कल २०१९ मध्ये भातात करून पाहिली गेली, पण कॅरोटीन वाढलं ते कॅलसमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींच्या गोळ्यात. ते यश दाण्यातलं नाही.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या गटाने २०२० मध्ये दाण्यात ते करून दाखवलं. किटाके या जपानी प्रकारच्या भातात सुमारे ५,२०० अक्षरांचा तुकडा, म्हणजे मक्याचं एक आणि जिवाणूचं एक जनुक, क्रिस्परने ठरवलेल्या जागी बसवला. दाण्यात ग्रॅममागे ७.९ मायक्रोग्रॅम बीटा-कॅरोटीन आलं. पण यात परकी जनुकं आहेत. मार्च २०२२ मध्ये केंद्राने जनुकीय बदल केलेल्या जीवांसाठीच्या १९८९ च्या नियमावलीतल्या ७ ते ११ या नियमांतून सूट दिली ती एसडीएन-१ आणि एसडीएन-२ यांना, म्हणजे परकं जनुक न ठेवता केलेल्या छोट्या बदलांना. हा प्रकार एसडीएन-३, म्हणजे ठरवलेल्या जागी परकं जनुक घालणं. त्याला जीएम, म्हणजे परकी जनुकं घातलेल्या, पिकासारखीच पूर्ण परवानगी लागेल, आणि हे लोकांना आधीच सांगायला हवं.

वाणपारखी

कायद्याचा मुद्दा मान्य. पण ‘ठरवलेल्या जागी’ हे शब्द तुम्ही फार पटकन मागे टाकलेत. गोल्डन राइसचा, म्हणजे बीटा-कॅरोटीन बनवणाऱ्या जीएम भाताचा, जीआर२-आर१ हा प्रकार आपल्याकडे स्वर्णा वाणात उतरवला, तेव्हा रोपं खुजी आणि फिकट निघाली. घातलेला तुकडा भाताच्या स्वतःच्या ऑक्स१ या जनुकात जाऊन बसला होता आणि ते जनुक मोडलं होतं. बॅकक्रॉस, म्हणजे मूळ वाणाशी पुन्हा पुन्हा संकर, कितीही केले तरी हा दोष जात नाही, कारण दोष आणि कॅरोटीन एकाच जागी असतात. सुरक्षित जागा आधी हेरून तिथे तुकडा बसवला, तर असली वर्षंच्या वर्षं वाया जात नाहीत.

आणि ‘बिघडवून काही मिळत नाही’ हे भ्रूणपोषात साखळी बंद असलेल्या भातापुरतं खरं आहे. साखळी चालू असेल तिथे एक फाटा बंद केला की माल दुसऱ्या फाट्याला वळतो. मोहालीच्या नाबी या कृषी-जैवतंत्रज्ञान संस्थेने २०२० मध्ये ग्रँड नैन केळीत लायकोपीन इप्सिलॉन सायक्लेजचं जनुक बंद केलं, तर गरातलं बीटा-कॅरोटीन सहापटीपर्यंत वाढलं. जळगावात लागवड आहे ती हीच जात. धान्यात असा पिवळा मका आहे. त्यातलं सीआरटीआरबी१ हे जनुक कमजोर केलं की बीटा-कॅरोटीन पुढच्या पदार्थांत जात नाही, दाण्यातच साचतं.

आहार_गणित

मक्याला ते करायला क्रिस्पर लागतोच कुठे? हा कमजोर प्रकार निसर्गातच होता. मार्कर, म्हणजे हवं जनुक ओळखणाऱ्या डीएनएच्या खुणा, वापरून संकर केला आणि २०१७ मध्ये ‘पुसा विवेक क्यूपीएम ९ सुधारित’ हा मक्याचा वाण आला: ८.१५ पीपीएम (दशलक्षात भाग) प्रोव्हिटॅमिन ‘अ’, म्हणजे ज्यापासून शरीरात ‘अ’ बनतं ते, जिथे साध्या मक्यात १-२ असतं. बियाणं तयार आहे. पण आपला बहुतेक मका कोंबडीखाद्य आणि स्टार्चकडे जातो, ताटात येत नाही.

आता भाताचा हिशेब. चार ते सहा वर्षांचं मूल रोज १०० ग्रॅम कच्चा तांदूळ खातं असं धरू. ७.९ ने ७९० मायक्रोग्रॅम. साठवण आणि शिजवण मिळून निम्मं गेलं असं धरलं तर ३९५. गोल्डन राइसवरच्या २००९ च्या प्रौढांच्या चाचणीत ३.८ भाग बीटा-कॅरोटीनमागे १ भाग रेटिनॉल, म्हणजे शरीराला वापरता येणारं ‘अ’, मिळालं. त्या दराने १०४. इतर अन्नाला वापरतात तो १२ ला १ दर लावला तर ३३. भारतीय शिफारस या वयाला ५१० ची आहे. म्हणजे उत्तम दराने वीस टक्के, वाईट दराने सहा-सात. ताटात तेल-तूप नसेल तर शोषण आणखी घटतं, आणि ज्या घरात कमतरता आहे तिथे तेलही कमीच असतं. अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने २०१८ मध्ये गोल्डन राइसचा जीआर२ई हा प्रकार सुरक्षित मानला, पण पोषणाचा दावा करण्याइतकं कॅरोटीन त्यात नाही असंही कळवलं.

नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत ‘अ’ जीवनसत्त्वाचे नऊ डोस सरकारी कार्यक्रमातच आहेत. शेवग्याच्या पाल्यात १०० ग्रॅममागे पंधरा हजार मायक्रोग्रॅमहून जास्त बीटा-कॅरोटीन असतं. पैसा तिथे लावा.

कोठार

@आहार_गणित, ‘निम्मं गेलं’ हे तुम्ही धरून चाललात; खरा प्रश्न तिथेच आहे. बीटा-कॅरोटीन हवेतल्या ऑक्सिजनने मोडतं. सालीसकट ठेवलेली साळ बरी टिकते. पॉलिश केल्यावर दाणा उघडा पडतो, आणि गोणपाटाच्या पोत्यात, उन्हाळ्यातल्या गोदामात ऱ्हास वेगाने होतो. काढणीनंतर लगेच घेतलेला आकडा ताटाला लावायचा नसतो.

यावर काम झालंय, पण ज्वारीत. तिथे कॅरोटीनसोबत बार्लीचं एक जनुक घालून दाण्यातलं जीवनसत्त्व ‘ई’ वाढवलं, ते कॅरोटीनला ऑक्सिजनपासून वाचवतं. २०१६ च्या त्या अभ्यासात बीटा-कॅरोटीन निम्मं व्हायला लागणारा काळ चार आठवड्यांहून कमी होता तो दहा आठवड्यांवर गेला. फोलेट या ‘ब’ गटातल्या जीवनसत्त्वाचंही तसंच: भातात आधी ते नुसतं वाढवलं तर साठवणीत उतरत गेलं, मग २०१५ मध्ये फोलेट धरून ठेवणारं प्रथिन सोबत दिलं तेव्हा टिकलं. नुसतं वाढवून भागत नाही, टिकवण्याची सोय त्याच दाण्यात करावी लागते.

आणखी एक: रंगावर जाऊ नका. पिवळेपणा ल्युटिनचाही असतो आणि ल्युटिनपासून ‘अ’ बनत नाही. एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले पदार्थ वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, बीटा-कॅरोटीन वेगळं मोजलेलं नसेल तर तो आकडा कामाचा नाही.

वाणपारखी

@आहार_गणित, मक्यातला संकर वाटतो तितका सोपा नाही. कमजोर प्रकार दोन्ही बाजूंनी आला तरच दाण्यात पूर्ण परिणाम दिसतो, म्हणून संकरित वाणाचे दोन्ही पालक वेगवेगळे बदलावे लागतात आणि प्रत्येकाला कित्येक पिढ्या बॅकक्रॉस. संपादनात दोन्ही पालकांत तोच कट थेट करता येतो. पुढे टी१, म्हणजे संपादित रोपाच्या बियांतून आलेल्या, पिढीत चौथ्या हिश्श्याच्या आसपास रोपांत कॅस९ (क्रिस्परची कात्री, जिचं जनुक रोपात घातलेलं असतं) उरत नाही, तीच निवडायची. अडचण वेगळीच आहे: उत्तम पालक वाणांचं कॅलस बऱ्याचदा काळवंडतं, त्यातून रोप उगवत नाही. इंडिका, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक वाणांच्या प्रकारच्या, भातातही हेच दुखणं आहे. किटाकेत जमलं म्हणून इंद्रायणीत जमेल असं धरू नका.

आणि डोस विरुद्ध धान्य अशी लढत लावायचं कारण नाही. डोस पाच वर्षांवर संपतो, भात थांबत नाही.

आहार_गणित

पाच वर्षांवरच्यांना आणि गरोदर बायकांना डोस मिळत नाही, हे खरं. तरीही त्यांच्या ताटात थोडीशी भर घालायला एवढा खटाटोप मला पटत नाही. जीवनसत्त्व ‘ब१’ चंच बघा. ते कोंड्यात असतं, पॉलिशमध्ये जातं. पण साळ भिजवून वाफवली की दाण्यात आत सरकतं. कोकणात उकडा तांदूळ आजही खातात. जनुकाला हात न लावता मिळणारं आधी मिळवा.

साळीचा_कोंब

उकड्याबद्दल पूर्ण सहमत, पण तो ‘अ’ देत नाही आणि धागा ‘अ’ चा आहे. कोठार यांच्या मुद्द्यावरून एवढंच मागणं मांडतो: असा कोणताही तांदूळ परवानगीला आला तर पॉलिश केलेल्या तांदळाचे, गोणपाटात, ३५ अंशांना, सहा महिने ठेवून दर महिन्याला मोजलेले आकडे अर्जासोबतच जाहीर व्हावेत.

कोठार

त्यात शिजवल्यानंतरचेही घाला. आपल्याकडे बरेच जण पेज काढतात, आणि कुकरची वेळ घरागणिक वेगळी असते.