चुनखडकाबरोबर शेलचेही पूर्वेक्षण सक्तीचे असावे का?

धाग्याचा विषय
राजुरा, कोरपना, वणी या पट्ट्यात पैनगंगा समूह या जुन्या खडकसमूहातल्या, सिमेंटला लागणाऱ्या चुनखडकावर शेलचे (चिखल घट्ट होऊन बनलेल्या खडकाचे) थर आढळतात. पूर्वेक्षणात, म्हणजे खाणीआधी बोअर घेऊन साठा मोजताना, हा शेल केवळ वरचे ओझे समजून बाजूला काढला, तर आपण अर्ध्याच कच्च्या मालाचा हिशेब मांडतो, असे माझे स्पष्ट मत आहे. सुमारे १४५० अंश सेल्सिअसला क्लिंकर (दळून सिमेंट होते ते भाजलेले खडे) तयार होताना चुन्याला सिलिका, ॲल्युमिना आणि लोह यांची जोड लागते, आणि ती शेलमधून मिळते. म्हणून बोअरमधून निघालेल्या संपूर्ण गाभ्याचे (खडकाच्या दंडगोल नमुन्याचे) रासायनिक पृथक्करण व्हायला हवे.

प्रतिसाद १
मी असहमत आहे. चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची राख जवळच उपलब्ध असून तिच्यात सिलिका आणि ॲल्युमिना दोन्ही आहेत, शिवाय ती आधीच बारीक असते. पूर्वेक्षणाचा पैसा चुनखडकातल्या मॅग्नेशियाचा (मॅग्नेशियम ऑक्साइडचा) शोध घेण्यावर खर्च व्हावा. सिमेंटमध्ये त्याचे प्रमाण ६ टक्क्यांच्या मर्यादेपलीकडे गेले, तर काही वर्षांनी काँक्रीट फुगून तडकण्याचा धोका असतो. डोलोमाइटी, म्हणजे मॅग्नेशियम जास्त असलेले, पट्टे विरळ बोअरांतून निसटतात, त्यामुळे बोअर जवळजवळ घेणे अधिक निकडीचे आहे.

धागाकर्ता
मॅग्नेशियाचा मुद्दा मान्य आहे. राखेची खरी जागा मात्र पोझोलाना सिमेंटमध्ये (क्लिंकरबरोबर राख मिसळून केलेल्या सिमेंटमध्ये) आहे, जिथे मानकानुसार १५ ते ३५ टक्के राख मिसळता येते आणि तेवढे क्लिंकर वाचते. शुद्ध चुनखडक भाजला की त्याच्या वजनाच्या ४४ टक्के कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. भट्टीत घातलेली राख फक्त शेलची जागा घेते. हे उत्सर्जन त्याने फारसे कमी होत नाही.

प्रतिसाद २
आपण दोघेही भट्टीपासून विचार करत आहात, मी कापसाच्या शेतातून लिहितो आहे. शेलमधून पाणी सहज झिरपत नाही, म्हणून तो कुठे किती जाड आहे आणि खाणीमुळे कुठे फुटणार आहे, यावर आमच्या विहिरींचे पाणी अवलंबून असते. बोअरच्या नोंदी खाणपट्ट्याच्या लिलावापूर्वी ग्रामसभेपुढे मराठीत ठेवाव्यात आणि काम संपताच प्रत्येक बोअर सिमेंटने नीट बुजवावा.

प्रतिसाद १
शेलची जाडी नोंदवायला आणि ती गावाला दाखवायला माझा विरोध नाही, कारण त्यासाठी वेगळा बोअर लागत नाही. प्रत्येक मीटरच्या पृथक्करणाची सक्ती मात्र मला अजूनही पटत नाही.