मदत हवी आहे: हे नाणं बापाचं की मुलाचं?

मंडळी, लंडनच्या एका नाणे-मेळ्यात हे रोमन ब्राँझ नाणं घेतलं. व्यास 17 मिमी, वजन 2.3 ग्रॅम. मागच्या बाजूला दोन शिपाई आणि मधे दोन ध्वज, कडेला 'ग्लोरिया एक्झर्सिटस', म्हणजे सैन्याचा गौरव. एक ध्वज असता तर 335 नंतरचं म्हटलं असतं; दोन आहेत, म्हणून इ.स. 330 ते 335 धरतोय. इथवर ठीक आहे.

घोडं अडलंय ते पुढच्या बाजूवर. डावीकडे 'कॉन्स्टँटि' स्पष्ट वाचता येतं, उजवीकडची अक्षरं पार झिजलीत. 'मॅक्स ऑग' (थोर सम्राट) असेल तर रोमन सम्राट पहिला कॉन्स्टंटाईन, 'इउन नोब सी' (धाकटा, उमदा सीझर म्हणजे युवराज) असेल तर त्याचा त्याच नावाचा मुलगा. डोक्यावर पानांचा मुकुट असेल तर मुलगा, फुलांची रत्नपट्टी असेल तर बाप. पण नेमकी तीच जागा घासलेली! मला पानंच वाटतात.

टांकसाळीच्या खुणेत 'एसएम'नंतरचं अक्षर, म्हणजे टांकसाळीच्या शहराचं अक्षर, एन (निकोमिडिया), के (सिझिकस) की एच (हेराक्लिया)? तिरका प्रकाश टाकून काढलेले फोटो जोडलेत.

आणि कृपा करून चिंच-लिंबाने घासायला सांगू नका, हिरवट पॅटिना (काळाने धातूवर चढलेला थर) मला हवाय. डिस्टिल्ड वॉटरमध्ये किती दिवस ठेवावं?