मदत हवी आहे: लावलेली रोपं रात्रीत बुडातून तुटतायत (आष्टा, जि. सांगली)

नमस्कार मंडळी,

आष्ट्याजवळ वस्तीवर राहते. घरामागं चार-पाच सरींची जागा आहे, घरच्यापुरती भाजी निघते. सरीला लागूनच भावकीचा ऊस. यंदा वांगी (आपली कृष्णाकाठची काटेरी), टोमॅटो, मिरची आणि थोडा कोबी असा ट्रेमधला तरवा नर्सरीतून आणला आणि पावसानं उघडीप दिल्यावर लावला. रोपं चांगली होती, मुळं पांढरीशुभ्र, लावल्यावर लगेच तरतरी आली. आणि आता रोज सकाळी काही ना काही गेलेलं असतं.

त्रास एकाच जातीचा दिसत नाही, म्हणून जसं दिसतं तसं लिहिते.

वांगी आणि टोमॅटोची रोपं मातीला लागून कापलेली. शेंडा तिथंच बाजूला पडलेला, पानं शाबूत. खायचंच नव्हतं तर कापलं कशाला, असं वाटतं. एका रोपाचा शेंडा तर मातीत ओढून नेलेला होता, पानाचं टोक तेवढं वर.

कोबीची तऱ्हा वेगळी. रोप उभं आहे, पण पानांना वेडीवाकडी भोकं, काहींची मधली शीर तेवढी उरलीय. सकाळी लवकर गेलं तर पानावर आणि पाचटावर वाळलेल्या चिकट रेघा चमकतात. (ओल टिकावी म्हणून सरीत उसाचं पाचट अंथरलंय, रोपाच्या बुडापर्यंत.)

मिरचीची काही रोपं कुणी न कापता, न खाताच आडवी झालीत. आणि बांधाकडेला टोकलेला दोडका जेमतेम उगवून वर आलाय, त्यावर तांबडे भुंगे बसून पानं चाळतात.

घरात सल्ल्यांना तोटा नाही. सासरे म्हणतात, "बुडात चार दाणं थिमेटचं टाक, सगळं गप हुतंय." पडवीत जुना डबा आहेसुद्धा. शेजारचे काका म्हणतात उसावर मारून पंपात उरेल ते इकडं फिरवतो. दुकानदारानं रोप न बघताच दोन बाटल्या पुढं केल्या. मला यातलं काहीच नकोय. मेथी-कोथिंबीर त्याच जागेत आहे, कोंबड्या मोकळ्या फिरतात, पोरं मातीत खेळतात. निंबोळी अर्क मारला, कापायचं काही थांबलं नाही.

हे सगळं एकाचं काम आहे की चौघांचं? आणि रोपं जरा जून होईपर्यंत वाचवायची कशी?

---

बांधावरचा:

ताई, आधी त्या डब्याचं बोलू. थिमेट म्हणजे फोरेट. आपल्या देशात त्याच्या विक्रीवर आणि वापरावर 31 डिसेंबर 2020 पासून बंदी आहे. ते मुळावाटे अख्ख्या झाडात चढतं, म्हणजे जे विष अळीला तेच ताटात. कोंबडीनं दाणे टिपले तर ती हातची गेलीच. डबा कुलपात ठेवा, ओढ्यात-विहिरीत टाकू नका, आणि विल्हेवाटीचं कृषी सहायकाला विचारा. सासऱ्यांना सांगायचं अवघड जाईल, पण सांगा.

आता कापलेली रोपं. ही कुरतडणारी अळी, ज्याला दुकानात कटवर्म म्हणतात. मातकट, काळसर, अंगानं तेलकट, डिवचली की गोल गुंडाळून पडते. रात्री वर येते, दिवसा मातीत. निंबोळी अर्क पडतो पानावर आणि ही बसते मातीत, मग फरक पडणार कुठून? देठ कापून झाला की ती फार लांब जात नाही. म्हणून सकाळी तुटलेलं रोप दिसलं की तिथनं हलू नका. खुरप्यानं त्याच्या भोवती वीतभर माती हळूच उकरा, एक-दोन बोटं खोल. बहुतेक वेळा तिथंच सापडते. कोंबड्या आहेतच, त्यांच्यापुढं टाका.

नवीन रोप लावताना बुडाला कॉलर घाला. चहाचा कागदी कप, तळ कापलेला, दोन बोटं मातीत आणि तीन बोटं वर. ही अळी देठाला वेढा घालून कुरतडते, कप असला की तिला देठापर्यंत पोचताच येत नाही. देठ पेन्सिलीएवढा जाड झाला की मग तिचं फारसं चालत नाही, कप फाडून टाका.

---

कराडकर:

कोबीवरच्या चमकत्या रेघा म्हणजे गोगलगाय, शंकाच नको. शेजारी ऊस, वर पाऊस, खाली पाचट: यापेक्षा चांगली सोय तिला कुठं मिळणार! आमच्या कोयनाकाठालाही पावसाळ्यात हेच.

औषधाच्या आधी हातानं वेचायचं बघा. जुनं बारदान गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी उसाच्या बाजूनं सरीच्या तोंडाशी अंथरायचं. रात्री त्या वासानं येतात आणि उजाडलं की त्याखालीच दडून बसतात. ऊन चढायच्या आत बारदान उलटं करायचं आणि सगळ्या साबणाच्या किंवा मिठाच्या दाट पाण्याच्या बादलीत. उघड्या हातानं वेचू नका, हातमोजे नसतील तर प्लास्टिकची पिशवी हाताला गुंडाळा. गोगलगाईत एक जंत असतो, तो माणसाच्या मेंदूपर्यंत त्रास देऊ शकतो. पोरांना तर अजिबात हात लावू देऊ नका आणि त्या सरीतली मेथी-कोथिंबीर नीट धुऊन, शिजवूनच खा.

बादलीतलं मीठ बादलीतच राहू दे. सरीत मीठ फेकणारे मी पाहिलेत. गोगलगाय मरते, पण जमिनीत मीठ चढतं आणि पुढं रोपंच धरत नाहीत. बांधाच्या कडेनं चुन्याचा पट्टा मारला तर कोरड्यात चालतो, एक सर आली की संपला.

मेटाल्डिहाइडच्या 2.5 टक्क्यांच्या गोळ्या मिळतात, त्यानं मरतात हे खरं. पण कुत्र्या-मांजरांना आणि कोंबड्यांनाही ते विषच. तुमच्या दारात मोकळ्या कोंबड्या आहेत, मी तरी सांगणार नाही.

आणि हो, माती हलवताना साबुदाण्यासारखी पिवळट पांढरी अंडी पुंजक्यानं दिसली तर तीही काढा. मोठी शंखी गोगलगाय एका खेपेला शंभरावर अंडी घालते, नुसत्या मोठ्या वेचून भागत नाही.

---

मिरजेची मावशी:

आता कुणीतरी म्हणेल पाचट काढून टाका. काढू नको गं बाई. तेवढ्यानं ओल टिकते, तणही दबतं. फक्त बुडापासून वीतभर मागं सार. देठाभोवतीची माती उघडी आणि भुसभुशीत राहिली की अळीही दिसते, गोगलगाईलाही लपायला जागा नाही. पाणी संध्याकाळी सोडतेस का? ते सकाळी सोड. रात्री वरची माती कोरडी असली की गोगलगाईचं फिरणं कमी होतं.

---

धागाकर्ती:

सगळ्यांचे आभार. रात्री जेवणं झाल्यावर बॅटरी घेऊन गेले. वांग्याच्या बुडाशी एक अळी देठाला अर्धा वेढा घालून बसलेली प्रत्यक्ष बघितली, उचलताच गोल झाली. कोबीवर गोगलगाई होत्याच, आणि सगळ्यात जास्त उसाकडच्या सरीत. सासरेही काठी टेकत बघायला आले. थिमेटबद्दल काही बोलले नाहीत, पण बारदान त्यांनीच शोधून दिलं.

मिरचीचं मात्र कळेना. आडवं रोप उपटलं तर देठ मातीलगत पाणचट, काळपट आणि बारीक झालेला. मुळं आहेत. आणि दोडक्याचं राहिलंच.

---

बांधावरचा:

मुळं आहेत आणि देठ मातीलगत बारीक झालाय, म्हणजे ही कीड नाही, बुरशी आहे. रोप कोलमडणं म्हणतात ते. हुमणी (मातीतली मुळं खाणारी पांढरी अळी) असती तर मुळं खाल्लेली असती आणि रोप हातात अलगद आलं असतं. तरी शेणखत टाकलं असेल तर ते पुरतं कुजलेलं होतं का बघा, अर्धवट कुजलेल्या खतातून हुमणी सरीत येते. उसाच्या शेजारी तर तिला आमंत्रणच नको.

गेलेली रोपं मातीसकट काढून लांब टाका. तिथं पाणी साठत असेल तर सरीला चर काढा, मिरची उंचवट्यावर घ्या. नवीन लावण्याआधी कुजलेल्या खतात ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला दाबणारी उपयोगी बुरशी) मिसळून बुडात द्या. उरलेल्या रोपांना फारच लागण दिसली तर कॉपर ऑक्सिक्लोराइड (तांब्याचं बुरशीनाशक) लिटरला 2.5 ग्रॅम, फक्त बुडात ओतायचं. पण त्याच दिवशी ट्रायकोडर्मा नको. तीही बुरशीच आहे, तांब्यानं मरेल.

---

मिरजेची मावशी:

दोडक्यावरचे ते तांबडे भुंगेरे. काकडी, भोपळा, कारलं, सगळ्यांच्या कोवळ्या पानांवर येतात. दिवसभर हाताला लागत नाहीत, चाहूल लागली की उडतात. पहाटे मात्र गारव्यानं सुस्त असतात, तेव्हा वेचून साबणाच्या पाण्यात टाक. दव असतानाच चुलीतली चाळलेली राख पानावर भुरभुरायची, पाऊस पडला की पुन्हा. राख पूर्ण गार झालेली असू दे.

---

धागाकर्ती:

राख भरपूर आहे. वरून बारीक जाळी टाकली तर चालेल का? लग्नाच्या मंडपाची उरलेली आहे.

---

कराडकर:

चालेल की. मंडपाची जाळी मोठ्या भोकांची असेल तर भुंगेरे थांबतील, पांढरी माशी थांबणार नाही. तिच्यासाठी 40 ते 50 मेशची (इंचाला तेवढी भोकं) नायलॉन जाळी लागते, आणि टोमॅटो-मिरचीला खरी गरज तिचीच आहे, कारण पांढरी माशी चुरडा-मुरड्याचे (पानं आकसतात त्या रोगाचे) विषाणू घेऊन येते. बांबूच्या कामट्या वाकवून त्यावर टाका, पानाला टेकू देऊ नका, कडा मातीत दाबा. पण टाकण्याआधी आतल्या अळ्या आणि गोगलगाई वेचून घ्या, नाहीतर त्यांना आत कोंडून खायला घातल्यासारखं होईल. दोडक्याला फुलं लागायला सुरुवात झाली की त्याच्यावरची जाळी काढायची, मधमाशी आत गेली पाहिजे.

बॅसिलस, मेटारायझियम वगैरे जैविक (किडीला मारणारे जिवाणू-बुरशी) काही घ्यायचं झालं तर दुकानाआधी मिरज तालुक्यातल्या कांचनपूरच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा. आमच्याकडं सातारा जिल्ह्यात बोरगाव आणि कालवडे ही दोन आहेत. जाताना तुटलेलं रोप आणि अळी बाटलीत घालून न्या, नुसतं सांगून कुणालाच नीट कळत नाही.