जुनी एपिफोन डॉट घेताना काय तपासावं आणि आधी काय बदलावं?

तारकरी (ठाणे)

एक वापरलेली एपिफोन डॉट (अर्धी पोकळ इलेक्ट्रिक गिटार) पाहून ठेवली आहे. विकणारा म्हणतो, सगळं मूळचंच आहे, फक्त पॉट (नॉबखालचे व्हॉल्यूम-टोनचे कंट्रोल) खरखरतात. मी दहाचा सेट (सर्वांत बारीक तार ०.०१० इंच) लावतो. ब्लूज आणि थोडं जॅझ वाजवतो, घरी १५ वॅटचा ट्यूब अँप आहे. तीन प्रश्न आहेत. प्रत्यक्ष बघायला गेल्यावर नेमकं काय तपासू? पिकअप (तारांचे कंप टिपणाऱ्या कॉइल) लगेच बदलावेत का? आणि हिला मागे झाकणच नाही, मग वायरिंग बदलायचं कसं?

मॅपलब्लॉक

जाताना टॉर्च, मल्टिमीटर, स्टीलची पट्टी, कॅपो आणि स्वतःची केबल न्या.

सगळ्यात आधी नटच्या (नेकच्या टोकाची, तारांच्या खाचांची पट्टी) मागची जागा बघा, जिथे हेडस्टॉक (खुंट्यांचा भाग) मागे झुकतो. टॉर्च तिरपा धरा. लॅकरमध्ये केसाएवढी रेष किंवा रंगाचा वेगळा पट्टा दिसला तर हेडस्टॉक तुटून चिकटवलेला असू शकतो. नीट चिकटवलेला जोड वर्षानुवर्षे टिकतो, पण मग किंमत भरपूर खाली यायला हवी. विकणाऱ्याने ते आपणहून सांगितलं नसेल, तर बाकीचं बोलणंही जपूनच ऐका.

त्यानंतर नेकचा कोन. बाराव्या फ्रेटवर तारांची उंची मोजा आणि लगेच ब्रिजकडे बघा. ब्रिज जवळजवळ तळाला टेकलाय आणि तरीही जाड ई २.५ मिमीच्या वर आहे, तर आधी ट्रस रॉड (नेकचा बाक सांभाळणारी आतली सळई) सैल आहे का ते पाहा. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा, शेवटची फ्रेट दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर फट मोजा. ०.२ ते ०.२५ मिमी फट योग्य. फट बरोबर असूनही ॲक्शन (तारांची उंची) जास्त असेल तर नेकचा जोडच उचलला आहे. ही नेक स्क्रूची नाही, चिकटवलेली आहे. तो कोन दुरुस्त करायचा खर्च गिटारच्या किमतीला भिडतो. अशी गिटार सोडून द्या.

ट्रस रॉडचा नट मालकाच्या परवानगीने अगदी थोडा फिरवून बघा. जाम असेल तर जोर लावू नका.

पहिल्या पाच फ्रेटवर तारांखाली खाचा दिसतील. मध्यम जंबो फ्रेट नवी असताना साधारण १.२ मिमी उंच असते. ०.८ मिमीच्या आसपास उरली असेल तर लेव्हल करायला जागा कमी, म्हणजे रीफ्रेटचा (फ्रेट नव्याने बसवण्याचा) खर्च धरा.

पिकअप न उघडता मोजता येतात. केबल लावा, सगळे नॉब १० वर ठेवा, प्लगचं टोक आणि दांडा यांच्यात रोध मोजा. एकेका पिकअपला ७ ते ९ किलोओम आणि स्विच मध्ये असताना साधारण निम्मे यायला हवेत. ४००-५०० किलोओम आले तर कॉइल तुटलेली आहे किंवा पिकअपची वायर सुटली आहे, तुम्ही फक्त पॉट मोजताय.

सोल्डरधूर

वरच्यात एवढीच भर: एफ-होलमधून आत टॉर्च मारून मधला ब्लॉक बघा. डॉट जिच्या धर्तीवर बनते त्या गिब्सन ईएस-३३५ च्या १९५८ मधल्या पहिल्या आराखड्यापासूनच हा मॅपलचा ठोकळा मधोमध आहे आणि फीडबॅकला (अँपच्या आवाजाने येणाऱ्या शिट्टीला) लगाम घालणारा तोच. एपिफोन कॅसिनो दिसायला तशीच, पण आतून पूर्ण पोकळ. तिला मोठ्या आवाजात आवरणं वेगळंच काम आहे. (डॉट हे नाव ३३५ च्या सुरुवातीच्या, फिंगरबोर्डवरच्या ठिपक्यांच्या इनलेवरून. १९६२ मध्ये गिब्सनने तिथे चौकोनी ब्लॉक आणले.) गिटार हलवून ऐका, आत काही खडखडलं तर सोल्डरचा तुकडा आहे की सुटलेला पट्टा, ते शोधा.

आता वायरिंग. पिकअपच्या आधी पॉट बदला. त्यातली खरखर क्लीनरने जाते का ते आधी बघा, बऱ्याचदा जाते.

सीटीएस कंपनीचे ५०० के (५०० किलोओमचे) पॉट घेणार असाल तर तीन गोष्टी अडतात. त्यांच्या गळ्याला साधारण ९.५ मिमीचं भोक लागतं आणि आशियात बनलेल्या गिटारवरची भोकं बहुधा ७ किंवा ८ मिमीची असतात. ती ड्रिलने वाढवू नका, बिट अडकून प्लायचा वरचा थर उखडतो. टेप लावा, हाताचा टेपर रीमर आधी दोन-तीन वेळा उलटा फिरवून लॅकरला कड पाडा, मग सुलटा. दुसरं, चिरलेल्या शाफ्टवर सीटीएसला २४ दाते असतात, मेट्रिक पॉटला १८, त्यामुळे जुने नॉब बसणार नाहीत. तिसरं, पॉटचा व्यास २४ मिमी. एफ-होलमधून तो आडवा करून सरकवावा लागतो, म्हणून एफ-होलची रुंदी आधी मोजा. नाही मावला तर १६ मिमीचे छोटे पॉट घ्या, भोकंही वाढवावी लागणार नाहीत.

जुनं काढताना प्रत्येक शाफ्टला आणि स्विचला मजबूत दोरा बांधा आणि मगच नट सोडा. सगळं एफ-होलमधून बाहेर आलं की दोरे भोकांतून आतच राहतात. प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवा. पुठ्ठ्यावर भोकांचा नकाशा काढून नवं वायरिंग बाहेरच, त्याच अंतरांवर पूर्ण करा. पॉटची पाठ सँडपेपरने घासली नाही तर सोल्डर गोळा होऊन निसटतं. चाळीस वॅटचं सोल्डरिंग आयर्न पुरेसं, पण तीन-चार सेकंदांत काम उरकायला हवं, नाहीतर पॉट आतून जळतो.

आत घालताना फिशटँकची हवेची नळी वापरा. आतून ४ मिमीची नळी गरम पाण्यात मऊ केली की ६ मिमीच्या शाफ्टवर घट्ट बसते. स्विच सगळ्यात आधी, मग दूरचे पॉट, मग जवळचे, जॅक शेवटी. जॅकसाठी जाड तार त्याच्या भोकातून बाहेर काढा आणि मागे वॉशर बांधून ओढा.

सगळ्यात जास्त चूक होते ती जाळीच्या वायरमध्ये (आत वायर, बाहेर धातूची जाळी). उघडी जाळी स्विचच्या पायाला टेकली की एक पिकअप गप्प. प्रत्येक जोडावर हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) हवंच. बंद करण्याआधी केबल लावून स्क्रू-ड्रायव्हरने पिकअपवर टकटक करा. ब्रिज आणि प्लगचा दांडा यांच्यात जवळजवळ शून्य ओम यायला हवेत. नसेल तर टेलपीसच्या खांबाखालची अर्थची वायर सुटली आहे.

तारकरी

इतकं नेमकं सांगितल्याबद्दल आभार. मग पिकअप कधी बदलायचे?

नटबोल्ट

पिकअप सर्वांत शेवटी. आधी त्यांची उंची लावून बघा, ते फुकट आहे. शेवटची फ्रेट दाबून मोजा: ब्रिजचा पिकअप तारेपासून १.६ मिमी, नेकचा २.४ मिमी. नेकचा आवाज गढूळ वाटतो म्हणून लोक पिकअप विकत घेतात, आणि तो मुळात वर चढवलेला असतो.

पॉट बदलतोच आहात तर टोन कॅपॅसिटर ०.०२२ मायक्रोफॅरडचा घ्या आणि तो टोनचा फाटा व्हॉल्यूमच्या मधल्या पायाला जोडा. व्हॉल्यूम ६ वर आणला तरी वरचे सूर मरत नाहीत. टोन फिरवल्यावर व्हॉल्यूमही थोडा हलतो, एवढीच किंमत.

मला पैसे लावायचे असते तर आधी हाडाचा नट आणि फ्रेट लेव्हल, मग पॉट आणि स्विच. ब्रिज बदलायची हौस असेल तर खांबांचा व्यास मोजल्याशिवाय मागवू नका, एपिफोनचे खांब बरेचदा गिब्सनपेक्षा जाड असतात आणि दुसरा ब्रिज त्यांच्यावर उतरतच नाही.

मॅपलब्लॉक

ठाण्याच्या पावसाळ्याबद्दल राहिलंच. प्लायचं शरीर फार हलत नाही, नेक हलते. घरी आणल्यावर दोन आठवडे तशीच राहू द्या आणि मग रिलीफ (सातव्या-आठव्या फ्रेटवरची ती फट) पुन्हा मोजून सेटअप करा. केसमध्ये सिलिका जेल ठेवा, नाहीतर सॅडलचे (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) बारीक स्क्रू गंजून अडकतात, आणि मग इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर जुळणं) लावताना त्यांच्या खाचाच झिजतात.