ब्रॉयलरच्या छातीत पांढरे पट्टे आणि लाकडासारखा कडकपणा: दोष पॅरेंटचा (पिल्लं देणाऱ्या मूळ कळपाचा) की शेडचा?

कटिंगलाइन:
२.८ किलोच्या वरच्या पक्ष्यांचं बोनलेस काढताना छातीच्या जाड टोकाला, म्हणजे पंखाच्या बाजूला, तंतूंच्या दिशेने पांढरे पट्टे दिसतात. काही तुकड्यांत तेच टोक इतकं कडक असतं की अंगठा आत जात नाही. वर चिकट पाण्याचा थर आणि बारीक रक्ताचे ठिपके. असे तुकडे मॅरिनेड धरत नाहीत, शिजवल्यावर पाणी जास्त सोडतात. २ किलोच्या आतल्या लॉटमध्ये हे जवळजवळ नसतं. खाद्य आणि शेड एकच, पण एका पॅरेंट फ्लॉकच्या पिल्लांत १०० पैकी ३० तुकडे खराब आणि दुसऱ्याच्या पिल्लांत २०. दोष पॅरेंटमध्ये आहे असं धरायचं का? डीएनए टेस्ट करून असे पॅरेंट वगळता येतात का? आणि क्वचित आतलं टेंडर (छातीच्या मोठ्या स्नायूखालचा लहान स्नायू) हिरवट निघतं, तोही हाच रोग का?

गुणसूत्र:
तुम्ही वर्णन केलेले दोष दोन आहेत: व्हाइट स्ट्रायपिंग (पांढरे पट्टे) आणि वुडन ब्रेस्ट (लाकडासारखी कडक छाती). ते बऱ्याचदा एकाच तुकड्यात सापडतात, पण आनुवंशिकतेचा हिशोब वेगळा ठेवावा लागतो. २०१५ मध्ये दोन शुद्ध ब्रॉयलर लाइन्सवर (वेगळ्या जोपासलेल्या वंशांवर) प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पांढऱ्या पट्ट्यांचा आनुवंशिकता गुणांक (पक्ष्यापक्ष्यांतल्या फरकातला वंशाचा वाटा, ० ते १ मध्ये) एका लाइनमध्ये ०.३४ आणि दुसरीत ०.१९ च्या आसपास निघाला, वुडन ब्रेस्टचा दोन्हींत ०.१ पेक्षा कमी. फ्रान्समध्ये मांसाच्या अंतिम पीएचवर (कटाईनंतर स्थिरावलेल्या आम्लतेवर) निवडलेल्या लाइन्समध्ये पट्ट्यांचा गुणांक ०.६५ आला. २०२१ च्या एका अभ्यासात तर वुडन ब्रेस्टचाच सुमारे ०.५ आला, आणि पाचव्या गुणसूत्रावरचा एक मोठा भाग त्याच्याशी जोडलेला सापडला.

हे आकडे एकमेकांना खोटं पाडत नाहीत. हा गुणांक रोगाला कायमचा चिकटलेला नसतो. तो त्या कळपाचा, त्या वयाचा आणि गुण देण्याच्या पद्धतीचा असतो. हलक्या वजनाला मोजलं की दोष कमी दिसतो आणि गुणांकही सहसा खाली येतो.

टेस्टबद्दल: कोंबडीत एका जनुकाने होणारा स्नायूंचा आजार आहे. मस्क्युलर डिस्ट्रॉफीत डब्ल्यूडब्ल्यूपी१ जनुकातला एक बदल जपानमध्ये २००८ साली सापडला. असा पक्षी पाठीवर टाकला तर त्याला उलटून उठता येत नाही. वुडन ब्रेस्टचं तसं नाही. अनेक जनुकांचा थोडा थोडा वाटा आहे, त्यामुळे एक मार्कर (डीएनएमधली खूण) तपासून पॅरेंट वगळणं शक्य नाही. निवड होते ती पेडिग्री पातळीवर (ब्रीडिंग कंपनीच्या सर्वांत वरच्या कळपांत), भावंडांच्या छातीला गुण देऊन आणि हजारो मार्कर एकत्र धरून. तिथला बदल ग्रेट-ग्रँडपॅरेंट, ग्रँडपॅरेंट, पॅरेंट अशा पायऱ्या उतरत शेडपर्यंत यायला चार-पाच वर्षं लागतात.

मोजमाप:
३० विरुद्ध २० वर निकाल देऊ नका. दोन्हीकडे १००-१०० तुकडे असताना एवढा फरक निव्वळ योगायोगानेही येतो. ३००-३०० तपासून हाच फरक टिकला तर तो गंभीरपणे घ्या. नर-मादी वेगळे मोजा: वुडन ब्रेस्ट नरांत जास्त, आणि चिमटा घेतल्यावर तंतू शेवयांसारखे सुटतात तो स्पॅगेटी मीटचा प्रकार माद्यांत जास्त. प्रत्येक तुकड्यासमोर पक्ष्याचं वजन लिहा, नाहीतर जड लॉटला विनाकारण वाईट पॅरेंट ठरवलं जाईल.

पट्टे १ मिमीपेक्षा बारीक असतील तर मध्यम, त्याहून जाड तर तीव्र, ३ मिमीच्या वर अतितीव्र. कडकपणाला ० ते ३ गुण: १ म्हणजे फक्त जाड टोक, ३ म्हणजे टोकापासून टोकापर्यंत. कटाईनंतर लगेच दाबू नका. रिगरमध्ये (कटाईनंतर स्नायू ताठरतात तेव्हा) निरोगी छातीही कडक लागते. चिलिंगनंतर रोज ठराविक तासांनी, शक्यतो एकाच माणसाने तपासा.

शेडवरून:
तंतूंची संख्या पिल्लू अंड्यातून निघेपर्यंत ठरून गेलेली असते. पुढे वाढते ती प्रत्येक तंतूची जाडी. जाडी भरभर वाढते, केशवाहिन्या त्या वेगाने पुरत नाहीत, तंतू मरतात आणि त्यांची जागा चरबी व कोलॅजन घेतात. वुडन ब्रेस्टमध्ये शिरांभोवतीचा दाह फार लवकर दिसतो, आणि तिसऱ्या आठवड्यातही काही पक्ष्यांची छाती हाताला कडक लागते. म्हणून फक्त फिनिशर (शेवटच्या दिवसांचं खाद्य) बदलून उपयोग नाही.

१५ ते २५ दिवसांत पचनीय लायसिन (प्रथिनातलं एक अमिनो आम्ल) शिफारशीच्या ८५% पर्यंत आणलेल्या चाचण्यांत कडक छात्या कमी झाल्या. मात्र हे पोषणतज्ज्ञाकडून बसवून घ्या आणि छातीचं उत्पन्न सोबत मोजा, कारण वाढ दाबली की तेही घटू शकतं. व्हिटॅमिन ई वाढवून पांढरे पट्टे कमी झाले नाहीत, त्यावर खर्च करू नये. सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे बोनलेसचा लॉट लवकर आणि हलक्या वजनाला उचलणं.

हिरवं टेंडर हा वेगळा आजार, डीप पेक्टोरल मायोपॅथी. टेंडरभोवतीचं आवरण ताणलं जात नाही. पक्ष्याने जोरात पंख फडफडवले की आतला स्नायू फुगतो, स्वतःचाच रक्तपुरवठा दाबतो आणि मरतो. ताजी इजा लालसर असते, हिरवटपणा यायला दिवस जातात. म्हणजे पकडीच्या रात्रीचा दोष नाही. लसीकरण, वजन किंवा लिटर (शेडमधलं अंथरूण) उलटताना पक्षी कधी दचकले ते शेडच्या नोंदीत शोधा.

कटिंगलाइन:
आभारी आहे. गुण ३ चे तुकडे खिम्यात वळवले तर चालेल का?

मोजमाप:
चालतील. ते खायला असुरक्षित नसतात, पण त्यांत प्रथिनं कमी आणि कोलॅजन जास्त असतं. सगळा खिमा त्यांचाच करू नका, चांगल्या मांसात थोडे मिसळा आणि प्रत्येक मिश्रणाचा शिजवण्याआधीचं व नंतरचं वजन लिहून ठेवा. हिरवं टेंडर आणि त्याला लागून रंग बदललेला भाग मात्र काढून फेकायचा.