शब्दचर्चा: 'संमिश्र प्रतिसाद' नक्की कुणाच्या पोटात असतो?

अनुस्वार
एका गायिकेबद्दलचा इंग्रजी लेख मराठीत आणतेय. ही बाई इतकी वर्षं नुसती गिटार घेऊन गायची. नव्या गाण्यात यंत्राचा ठेका आहे नि आवाजावर ऑटोट्यून (सूर जुळवून देणारं सॉफ्टवेअर). मूळ वाक्य एवढंच, की या गाण्यावरून तिचे फॅन 'डिव्हायडेड' आहेत. मी लिहिलं, 'नव्या गाण्याला चाहत्यांकडून संमिश्र प्रतिसाद मिळाला.' संपादकबाईंनी लाल रेघ मारली. त्या म्हणतात, संमिश्र म्हणजे ऐकणाऱ्याला थोडं आवडलं, थोडं नाही. इथे तसं नाहीच. निम्मे म्हणतात, आजवरचं तिचं सगळ्यात भारी काम. निम्मे म्हणतात, संपली. मधलं कुणी सापडत नाही. मला त्यांचं पटलंय, पण पूर्ण नाही. संमिश्र खरंच चूक आहे का? असेल तर काय लिहू? उद्या संध्याकाळी द्यायचंय.

जुना_टाक
संपादकबाईंचं बरोबर आहे. तांबं नि जस्त वितळवून पितळ केलं की त्यातलं तांबं बोट ठेवून दाखवता येत नाही. तुमच्या चाहत्यांत तांबं तांब्याच्या जागी आहे, जस्त जस्ताच्या. याला मिश्रण म्हणत नाहीत, शेजार म्हणतात.

काना_मात्रा
टाककाका, उपमा झकास, पण शब्द भट्टीत तयार होत नाहीत. 'संमिश्र वस्ती' म्हणतो तेव्हा तिथला एकेक माणूस संमिश्र असतो का? 'शेअर बाजारात संमिश्र कल' म्हणजे काही शेअर वर, काही खाली. एकच शेअर अर्धा चढला नि अर्धा पडला, असं कुणी समजत नाही. उलट 'संमिश्र भावना' एकाच माणसाच्या पोटात असतात. म्हणजे शब्दाला दोन्ही अर्थ आहेत नि वाचणारा संदर्भाने घेतो. अनुस्वारताई, तुमचं वाक्य आहे तसं ठेवा.

जुना_टाक
'संमिश्र कल' हा बातम्या देणाऱ्यांनी 'मिक्स्ड'वरून घाईत पाडलेला शब्द आहे. सगळे चुकतात म्हणून चूक बरोबर होत नाही.

काना_मात्रा
मग कशाने होते? तुमच्या टाकाला विचारून?

खर्जातला
भांडू नका. विषय गाण्याचा आहे तर गाण्यातलं सांगतो. लयीच्या जातींत तिस्र तीनाची, चतस्र चाराची, खंड पाचाची, मिश्र साताची. मिश्र म्हणजे तीन नि चार. हाताने मोजायला बसलात की तीन कुठे संपले नि चार कुठे लागले हे अंगाला कळतं. म्हणजे या 'मिश्रा'त फाळणी उघड आहे, आणि तीही असमान. तेच 'मिश्र पिलू' म्हटलं की दुसऱ्या रागांच्या छटा अशा मिसळलेल्या असतात, की इथून इथपर्यंत पिलू आणि पुढे दुसरं, अशी रेघ ओढता येत नाही. एकाच कलेत एकच शब्द दोन्ही प्रकारे नांदतोय. टाककाकांनी पितळ धरलं, मात्रांनी वस्ती. दोघेही बरोबर.

जाता जाता. माझे गुरुजी शिष्याचा भलताच स्वर लागला की रागवायचे नाहीत. डोळे मिटून म्हणायचे, 'हं. मिश्र झालं.' त्या दोन शब्दांनी रडलेली मुलं मी पाहिली आहेत.

तिरकस
नवाची संकीर्ण जाती राहिली की! ताई, 'संकीर्ण प्रतिक्रिया' लिहा. मराठी माणूस किरकोळ, इकडच्या-तिकडच्या समजेल, हिंदी माणूस कोत्या मनाच्या समजेल, आणि प्रतिक्रिया वाचून पाहिल्या तर दोघांचंही खरं निघेल.

अनुस्वार
हसले, पण काम अडलंय. 'दुमत' चालेल का? 'नव्या गाण्याबद्दल चाहत्यांत दुमत आहे.'

काना_मात्रा
व्याकरणाने चालेल, कानाला नाही. दुमत हा शब्द आपण जवळजवळ नकारातच वापरतो. 'याबद्दल दुमत नाही', 'दुमत असण्याचं कारण नाही'. 'दुमत आहे' वाचलं की वाटतं, टंकताना 'नाही'च्या जागी 'आहे' पडलं.

जुना_टाक
इथे मात्र तुमच्याशी दुमत नाही.

सांजवेळ
मी कालपासून वाचतेय. 'दोन तट पडले' कुणीच कसं सुचवलं नाही? किंवा 'दुफळी माजली', 'फूट पडली'. मराठीत शब्दांना तोटा नाही. पण एक बघा, हे सगळे भांडणाचे शब्द आहेत. तट किल्ल्याला असतो, फूट सैन्यात नाहीतर पक्षात पडते, आणि दुफळी तर 'माजते'च, नुसती होत नाही. दोन माणसांना एक गाणं वेगवेगळं वाटलं नि ती आपापल्या घरी गेली, यासाठी आपल्याकडे शांत शब्दच नाही. म्हणून सगळे 'संमिश्र'कडे पळतात. तो शब्द अचूक नसेल, पण निदान कुणी कुणाचं डोकं फोडत नाही.

आणि दुफळी म्हणजे एका फळाची दोन फाकं, असं माझी आत्या सांगायची. मला ते फार आवडतं.

जुना_टाक
आत्याबाईंना नमस्कार, पण फळाचा संबंध नसावा. फळी म्हणजे रांग, जमाव. 'आघाडीची फळी', 'तरुण फळी' म्हणतो तीच. एका फळीच्या दोन झाल्या की दुफळी. आणि तटाला नदीकाठ असाही अर्थ आहे. दोन तटांमध्ये पाणी वाहतं, भांडण असायलाच हवं असं नाही. तुमचा शांत शब्द कदाचित तोच.

सांजवेळ
काठाचं मान्य. फळाचं नाही.

रिवाइंड
ऐकणारे दुभंगण्याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण अजून निघालं नाही म्हणून लिहितो. २५ जुलै १९६५, अमेरिकेतला न्यूपोर्टचा लोकसंगीत महोत्सव. साध्या गिटारवरच्या लोकगीतांसाठी गाजलेला बॉब डिलन विजेची गिटार नि साथीला बँड घेऊन उभा राहिला. बँडसोबत तीन गाणी झाली नि लोकांनी हुर्यो उडवली. का उडवली यावर अजून एकमत नाही. कुणी म्हणतं विजेची गिटार खपली नाही. कुणी म्हणतं आवाज इतका फाटका येत होता की शब्द कळेनात. कुणी म्हणतं, तीन गाण्यांत गुंडाळलं म्हणून लोक चिडले, म्हणजे त्यांना आणखी हवं होतं! हुर्यो एक, कारणं तीन. आता हे संमिश्र की दुफळी?

पुढच्या वर्षी, १७ मे १९६६ ला, मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये प्रेक्षकांतून कुणीतरी डिलनवर ओरडलं, 'ज्यूडास!' म्हणजे येशूला दगा देणारा त्याचाच शिष्य. (ते ध्वनिमुद्रण अनेक वर्षं लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलचं म्हणून हातोहात फिरत होतं.) ही एक आरोळी मराठीत कशी आणाल? ताईंच्या वाक्यापेक्षा मला हे कठीण वाटतं.

तिरकस
'सूर्याजी पिसाळ!'

काना_मात्रा
वा! काम फत्ते.

जुना_टाक
अजिबात नाही. एक तर पिसाळाने किल्ला दिला की नाही यावर इतिहासकारांत वाद आहे. दुसरं, मँचेस्टरच्या सभागृहात रायगड कुठून आला? मराठी बायबलात यहूदा इस्कर्योत आहे. 'यहूदा!' लिहा.

तिरकस
'यहूदा!' ऐकून किती मराठी प्रेक्षक दचकतील? आरोळीचं काम दचकवणं आहे, वंशावळ सांगणं नव्हे.

खर्जातला
'फितूर!' तीन अक्षरं, मधे दीर्घ ऊ, मागच्या रांगेतून ओरडायला सोपं. 'पिसाळ'ला पल्ला मिळत नाही, आवाज 'ळ'वर अडकतो.

सांजवेळ
पण फितूर शत्रूला मिळालेला असतो. डिलन कुणाला मिळाला? वीज मंडळाला? ज्यूडासमध्ये जवळच्याने केलेल्या दग्याचं दुःख आहे. 'घरभेद्या' त्याच्या जास्त जवळ. आणि हे फॅनच ओरडू शकतो हो. ज्याला गाणं कधी आवडलंच नव्हतं तो तिकीट काढून 'घरभेद्या' कशाला ओरडेल?

रिवाइंड
हे पटलं. आणि 'हुर्यो' कुठून आला ते सांगा कुणीतरी. माझा अंदाज इंग्रजीतल्या 'हुर्रे'वरून, आपल्याकडे येताना अर्थाने कोलांटी घेतली.

जुना_टाक
सगळं इंग्रजीतून कसं येईल? पाखरं हाकलताना माणूस 'हुर्र' करतो ते काय साहेबाने शिकवलं?

मधली_वेलांटी
नवीन आहे इथे, चुकलं तर सांभाळून घ्या. पण आधी 'चाहता' या शब्दाचंच बघा ना. चाहता चाहतो, आणि चाहणाऱ्याला दगा बोचतो. रसिकाचं तसं नसतं. रसिक नाराज झाला तर गप्प बसतो किंवा उठून जातो. मूळ लेखात फॅन आहे, नि फॅन हा 'फॅनॅटिक'चा तुकडा मानतात. त्याच्या मुळाशी लॅटिनमधलं देऊळ आहे: देवळातला, देवाने झपाटलेला माणूस. म्हणजे आपल्या भाषेत, अंगात वारं आलेला.

तिरकस
म्हणजे फॅनला 'पंखा' म्हणतो तो विनोद नव्हताच! वाऱ्याचा संबंध मुळातलाच आहे!

काना_मात्रा
तिरकसराव, आज तुम्ही माझं मन जिंकलंत. आता मी तुमची पंखा.

जुना_टाक
पंखा काय नि फॅन काय. लोक हल्ली 'फॅन्सनी', 'फॅन्सना' लिहितात त्याचं काय ते बोला. इंग्रजी अनेकवचनाला मराठी प्रत्यय! 'फॅननी' लिहायला काय होतं?

काना_मात्रा
'फॅननी' एकाने की अनेकांनी?

जुना_टाक
'टेबलांवर' लिहिता ना? 'टेबल्सवर' कुणी लिहीत नाही. मग 'फॅनांनी'.

सांजवेळ
'फॅनांनी'! काका, तुम्ही हे एकदा मोठ्याने म्हणून बघा आणि मग आम्हाला सांगा.

अनुस्वार
मंडळी, लेख गेला. मी लिहिलं होतं, 'नव्या गाण्यावरून तिच्या चाहत्यांत दोन तट पडले आहेत.' संपादकबाईंनी 'तट' काढून 'गट' केलं. विचारलं तर म्हणाल्या, छपाईची चूक वाटली.

जुना_टाक
गट! अरेरे.

काना_मात्रा
गट ठीक आहे की. सांजवेळताईंना हवा होता तसा, कुणाचं डोकं न फोडणारा.

सांजवेळ
मला काठ हवा होता.

खर्जातला
एवढं झालं, पण गाणं कुणी ऐकलं का? ताईंनी मला दुवा पाठवला म्हणून काल रात्री दोनदा ऐकलं. माझं मत: आवाज बसलाय.

मधली_वेलांटी
बसलाय म्हणजे घोगरा झालाय, की सुरात नीट बसलाय?

खर्जातला
पहिल्या कडव्यात एक, दुसऱ्यात दुसरं.

जुना_टाक
मग याला म्हणतात संमिश्र.